सेमाडोहला गेलेली बाई

नत्थुजी राखोंडे आमच्या वाचन गटात आले ते भांडण ऐकून.

जठारपेठेतल्या आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहते. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी आणि ओळखीच्या चार-पाच जणांनी हा गट सुरू केला. एक रविवार आड करून संध्याकाळी माझ्या बैठकीत जमायचं. सगळ्यांनी एकच कादंबरी वाचून यायची आणि ती कशी वाटली ते बोलायचं. नुसतं आवडली किंवा नाही आवडली म्हणून सुटका नाही, का ते सांगावं लागतं. त्या ‘का’वरून आमच्याकडे आवाज चढतात. सगळ्यात जास्त चढतो तो धर्मपालभाऊंचा. त्यांचं मेडिकल स्टोअर आहे, आणि कादंबरीसुद्धा ते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी वाचतात. लिहिलंय तेच द्यायचं, मनानं काही बदलून द्यायचं नाही.

त्या दिवशी दार उघडंच होतं. पांढरा सदरा घातलेले एक उंच म्हातारे गृहस्थ चौकट चाचपत उभे राहिले.

“तुमी भांडून राहिले काय, का काई कार्यक्रम आहे?”

मी म्हटलं, “पुस्तकावर बोलतोय.”

“पुस्तकावर एवढं?” ते म्हणाले. “मंग मले बसता येईन काय?”

ते पहिल्या मजल्यावर नुकतेच राहायला आले होते. गाव तेल्हारा. तिथं त्यांची भाजीची आणि झेंडू-शेवंतीची शेती होती. ती आता पुतण्या पाहतो. बायको मैनाबाई वारल्यावर मुलगा अंकुर त्यांना अकोल्यात घेऊन आला. साखरेच्या आजारानं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. माणूस समोर आला की आकार दिसायचा, चेहरा नाही. अक्षर तर नाहीच. एके काळी मात्र वाफ्यांना पाणी सोडून बांधावर कादंबरी वाचत बसायचे, आणि पाणी शेजारच्या वावरात गेलं की मैनाबाईंच्या शिव्या खायचे. हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं.

प्रश्न होता, ते पुस्तक वाचणार कसे? अंकुरनं त्यांना मोबाईलवर वाचून दाखवणारा आवाज लावून दिला होता. तो त्यांना जमला नाही. “ते मोबाईलमधली बाई कुठं थांबावं ते समजत नाई,” ते म्हणाले. “मेलेल्या माणसाचं अन भाजीचं एकाच चालीत वाचते.” मग सून वाचून दाखवू लागली.

सून दामिनी अमरावतीची. शांत मुलगी, जिन्यात भेटली की हसायची आणि पुढे जायची. एवढीच माझी ओळख. दुपारी कामं आटपली की ती गॅलरीत सासऱ्यांना वाचून दाखवते, हे मला वरून ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत, पण मधूनमधून नत्थुजींचं “मंग?” कळायचं.

हे “मंग?” हाच त्या माणसाचा स्वभाव. गटात आम्ही शैली, आशय असलं काही बोलत असायचो आणि नत्थुजी विचारायचे, “त्या वकिलाचं घर चालत कशावर होतं? दोनशे पानात त्याच्याकडे एकबी पक्षकार आला नाई.” किंवा, “ते मोलकरीण चौथ्या प्रकरणात रडून गेली, मंग तिचं काय झालं?” आम्हाला ठाऊक नसायचं. लेखकालाही नसावं. पण घरी गेल्यावर ती मोलकरीण माझ्या डोक्यात राहायची.

थंडीच्या दिवसांत आम्ही एक कादंबरी घेतली. रत्नागिरीकडचे एक मास्तर आणि त्यांची बायको इंदू, यांच्या संसाराची. सगळ्यांना आवडली होती, त्यामुळे संध्याकाळ जरा मिळमिळीत चालली होती. नत्थुजींची पाळी आली.

“मले पयल्यांदा बरी वाटली,” ते म्हणाले. “मंग ते इंदू सेमाडोहले वनखात्यातल्या भावाकडे गेली तिथून खरी लागली. खानावळीचा भाग तर लयच चांगला. जंगल पाहाले आलेले लोक, त्याईले झुणका-भाकर, रातच्याले सिपना नदीचा आवाज. पण एक नाई पटलं. नवऱ्याले ते एकबी फोन काहून करत नाई?”

रत्नागिरीची बाई मेळघाटात?

करिश्मा आमच्यात सगळ्यात लहान, बँकेत आहे. तिनं आपलं पुस्तक उघडून पानं चाळायला सुरुवात केली. मी धर्मपालभाऊंना डोळ्यांनी खुणावलं. पण ते डोळ्यांची भाषा वाचणारे नाहीत.

“नत्थुजी,” ते म्हणाले, “इंदू कुठंच जात नाही. ती दहाव्या प्रकरणात मरते.”

“मरते?”

“दवाखान्यात. पुढची सगळी कादंबरी मास्तर एकटेच आहेत.”

नत्थुजी पंख्याकडे तोंड करून बसले. आम्हाला सगळ्यांना एकदमच कळलं होतं की दामिनीनं काय केलंय, आणि का. मैनाबाईंना जाऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती. त्याही दवाखान्यातच गेल्या होत्या. ते पान समोर आल्यावर त्या मुलीला ते मोठ्यानं वाचणं जमलं नसणार. तिनं इंदूला भावाकडे पाठवून दिलं. पण एकदा जिवंत ठेवलेली बाई मध्येच सोडता येत नाही, त्यातून ऐकणारा माणूस रोज “मंग?” विचारणारा. मग भावाला वनखात्यात नोकरी द्यावी लागली, इंदूला खानावळ काढून द्यावी लागली.

“कशी मरते?” नत्थुजींनी विचारलं.

मी म्हटलं, “राहू द्या ना.”

“नाई ताई. वाचा.”

मी वाचलं. चारच पानं आहेत. मास्तर रात्रभर दवाखान्यात बसलेले असतात. सकाळी नर्स म्हणते, जरा चहा घेऊन या. ते खाली जातात, टपरीवर चहा घेतात. वर येईपर्यंत इंदू गेलेली असते. पुढे कित्येक दिवस मास्तरांना एकच गोष्ट डाचत राहते, की तो चहा चांगला लागला होता.

वाचून झालं तेव्हा करिश्माचे डोळे भरले होते. नत्थुजींचे नाही. ते पुढे सरकून बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

“चहा चांगला लागला, हे लिहिलं त्यानं?”

“हो.”

“लिहिणाऱ्याले कसं मालूम?” मग ते म्हणाले, “मी कचोरी खाल्ली होती. दवाखान्याच्या गेटाबाहेर. गरम होती. चांगली होती. हे कोनाले सांगतलं नाई मी. सांगन तरी कसं?”

धर्मपालभाऊ उठले आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले. त्या दिवशी पुस्तकावर पुढे बोलणं झालं नाही. जाताना नत्थुजी दारात थांबून एवढंच म्हणाले, “दामिनीले कोनी काई बोलू नका.”

मला वाटलं होतं, त्यांना सुनेचं कौतुक वाटलं असेल. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून वाचण्याचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी भाजी आणायला उतरले तर ते खाली बाकावर बसलेले.

“डोकं दुखते म्हणून सांगतलं,” ते म्हणाले. “खरं सांगू काय? राग आला मले. मी काय लहान पोरगं हाओ? उद्या डॉक्टर काई बोलला तर तेबी सेमाडोहले पाठवन काय हे पोरगी?”

“तिनं तुमच्यासाठीच केलं.”

“ते समजते मले. म्हणून तर बोलता येत नाई.”

मी त्यांच्याजवळ बसले. ते शेवंतीच्या एका कुंडीकडे तोंड करून बसले होते. मग त्यांचा आवाज बदलला. वाचन गटात प्रश्न विचारताना होतो तसा झाला.

“पण ताई, एक गोष्ट आहे. ते खानावळ तिनं आणली कुठून? भाकरीची चूल पावसात कशी झाकते, गिऱ्हाईक उधारी कसं ठेवते, वाघ दिसला नाई म्हणून लोक जेवणावर राग कसा काढतात. हे पुस्तकात नाई?”

“एक अक्षर नाही.”

“मंग हे पोरगी आहे तरी कोन?”

चार वर्षांपूर्वी घरात आलेल्या सुनेबद्दल तेल्हाऱ्याचा हा माणूस असं विचारत होता. आणि हे विचारताना त्याचा राग कुठे गेला, ते त्यालाही कळलं नसावं.

त्यांनी एक युक्ती काढली. पुढच्या कादंबरीपासून दुपारी दामिनीकडून ऐकायचं आणि बुधवारी-शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे येऊन तोच भाग मूळ पुस्तकातून ऐकायचा. दामिनीला सांगायचं, ताईंकडे टीव्हीवर बातम्या ऐकायला जातो. मला हे चोरून करणं पसंत नव्हतं. पण खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

पहिल्या पुस्तकात तिनं काहीच बदललं नाही. नत्थुजी हिरमुसले. दुसऱ्यात एका कुत्र्याला वाचवलं, तेवढंच. मग उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही एक जाड कादंबरी घेतली. तिची नायिका इतिहासाची विद्यार्थिनी. जुन्या शिलालेखांवर अभ्यास करणारी. मधेच भावाची बायको आजारी पडते, घर सांभाळायला ही परत येते, आणि मग तिथंच राहते. शेवटच्या शंभर पानांत ती समाधानी आहे असं लेखकानं पुन्हा पुन्हा सांगितलंय. पुढे गटात त्या समाधानावरून मोठा वाद झाला.

एका शनिवारी नत्थुजी माझ्याकडे आले ते जिना चढून धापा टाकतच.

“ताई, ते पोरगी घरी राहते का परत जाते?”

“घरी राहते. मागच्या वेळेस आपण तिथपर्यंत वाचलं ना?”

“दामिनीच्या पुस्तकात ते परत गेली. कालच्या दुपारी. सकाळची गाडी पकडली, कॉलेजात गेली. तिथं सरानं ओळखलं तिले. मंग ते टेबलाशी बसली अन भिंगाखाली झाडाच्या पानाचा काप ठेवून पाहात राहिली. पानाच्या आतल्या पेशी, त्याईचा रंग, काचपट्टीवर थेंब कसा सोडाचा, सारं सांगून राहिली दामिनी. मी म्हटलं, मंग? तर म्हणते, आज इतकंच.” त्यांनी खुर्ची शोधून बसून घेतलं. “शिलालेख वाचणाऱ्या पोरीले पानाचा काप कायले लागते?”

मी पुस्तक मिटलं. मला सुचत नव्हतं असं नाही, पण ते त्यांनीच म्हणावं असं वाटलं.

“लग्नाच्या वेळी अंकुरचा मामा बोलला होता,” ते सावकाश म्हणाले. “पोरगी एम.एस्सी.ले आहे म्हणून. वनस्पतीशास्त्र. मी म्हटलं, चांगलं आहे, आपल्याले झाडाझुडपाचीच सून भेटली. मंग लग्न झालं. मंग मैना आजारी पडली. मंग माहे डोळे. एक ‘मंग’ मी तिले विचारलाच नाई.”

पुढचं मला दामिनीनं सांगितलं, बऱ्याच दिवसांनी. ती खानावळ कॉलेजच्या अभ्यास सहलीत सेमाडोहला पाहिलेली, हेही तेव्हाच कळलं.

सोमवारी दुपारी ती वाचायला बसली. पुस्तक उघडलं तर नत्थुजी म्हणाले, “त्या पोरीचं वय किती आहे वं?”

“चोवीस असेल, बाबा.”

“अन तुहं?”

“माझं? एकोणतीस.”

“एकोणतीसव्या वर्षी कॉलेजात घेतात काय?”

दामिनी म्हणते की तिला आधी वाटलं, बाबा कादंबरीचंच विचारताहेत. तिनं उत्तरही तसंच दिलं, की घेतात, पण सुटलेलं वर्ष धरत नाहीत, परत पहिल्यापासून करावं लागतं. मग तिच्या लक्षात आलं की हे पुस्तकात कुठंच नाही, आणि आपल्याला ते तोंडपाठ आहे.

“तुम्हाला कधी कळलं?” तिनं विचारलं.

“सेमाडोहपासून.”

ती लाजेल, रडेल असं नत्थुजींना वाटलं होतं. ती भडकली. चार वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांसमोर तिचा आवाज चढला. “इतके महिने माहीत होतं तर मला वाचू काहून दिलं? मी रोज दुपारी डोकं फोडून राहिली होती, आता त्या बाईचं काय करू, आता त्या पोरीचं काय करू. अन तुम्ही वर जाऊन खरं ऐकत होता?”

“हो.”

“मजा पाहत होता माझी?”

“नाई,” नत्थुजी म्हणाले. “तू पुढं काय करतं ते ऐकाचं होतं मले. पुस्तकातलं काय, ते तर छापून झालं.”

दामिनी उठून आत गेली. त्या दिवशी चहासुद्धा तिनं न बोलता ठेवला. संध्याकाळी अंकुर त्याच्या बियाण्याच्या दुकानातून आला, तेव्हा घरात दोन माणसं दोन खोल्यांत बसलेली. त्यानं बापाला विचारलं, काय झालं. बापानं सांगितलं की तुझ्या बायकोचं शिक्षण अर्धं राहिलंय, ते पुरं करायचं आहे. अंकुर चांगला मुलगा आहे, पण त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला जो कोणीही विचारील, “अन तुमचं जेवण? औषधं? इंजेक्शन?”

“इंजेक्शन मले टोचता येते, मोजून तेवढं कोनी तरी द्यावं लागन. भाकर गरम करता येते. धर्मपालभाऊ दुपारी घरी जेवाले जातात, रस्त्यातच आहे, त्याईले विचारू.”

“अन वाचणं?”

नत्थुजी म्हणे, यावर जरा अडखळले.

सगळं चुटकीसरशी झालं नाही. दामिनीलाच धीर होईना. वर्षानुवर्षं मनात खेळवलेली गोष्ट खरोखर करायची म्हटल्यावर ती म्हणाली, “राहू द्या बाबा, गोष्टीतच बरं होतं ते.” एकदा फॉर्मची तारीखही तिनं मुद्दाम जाऊ दिली. वाढीव मुदत मिळाली तेव्हा अंकुरच तिला मोटारसायकलवर अमरावतीला घेऊन गेला. परत आले तर दोघांची तोंडं उन्हानं लाल, आणि दामिनीच्या हातात तिच्या जुन्या प्रयोगशाळेच्या आवारातून उचललेलं कसलं तरी पान. तिनं ते नत्थुजींच्या हातात दिलं. त्यांनी चुरगाळून वास घेतला आणि नाव सांगितलं. दामिनीनं त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं. ते त्यांना काही केल्या म्हणता येईना.

आता ती आठवड्यातले काही दिवस सकाळच्या गाडीनं जाते, बडनेऱ्याला उतरून पुढे ऑटोनं. वर्गातली मुलं तिला ताई म्हणतात. पहिल्या परीक्षेत एका विषयात राहिली, तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलली नाही. नत्थुजींनी विचारलं, “मंग?” तर म्हणाली, “मंग काय, परत बसीन.” धर्मपालभाऊ दुपारी इंजेक्शन मोजून देतात आणि बसल्या बसल्या चार पानं वाचून दाखवतात. एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत. माझी पाळी संध्याकाळी.

दामिनी गटातही येऊ लागली. पहिल्यांदा आली तेव्हा धर्मपालभाऊंनी तिला सरळच विचारलं, लेखकानं मारलेल्या बाईला जिवंत ठेवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? मला वाटलं, ही आता उठून जाते. ती म्हणाली, “हक्क नव्हता भाऊ. पण त्या पानावर माझा आवाजच निघेना. तुमचा निघाला असता का?” धर्मपालभाऊंनी विचार केला. “माझा निघाला असता,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. नत्थुजींनीही त्यांचीच बाजू घेतली. ते म्हणाले, ते चार पानं मले पाहिजेच होते. आधी खरं ऐकवाचं, मंग आपलं सांगाचं. दामिनीला हे तेव्हा आवडलं नव्हतं, आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण आता सुट्टीच्या दुपारी ती वाचते तेव्हा असंच चालतं. आधी पुस्तकातलं, मग दोघांचं. वर मला दोन आवाज ऐकू येतात, आणि ते कोणत्या पात्राला कुठं पाठवताहेत हे कळावं म्हणून मी कपडे वाळत घालायला उगाच वेळ लावते.

गेल्या बैठकीला धरणाखाली जाणाऱ्या गावाची कादंबरी होती. त्यात जमिनी मोजायला आलेला एक सर्व्हेअर आहे. दामिनी म्हणाली, तो माणूस खोटा वाटतो, इतकं वाईट वाटतं तर नोकरी सोडत का नाही. नत्थुजी म्हणाले, तोच एक खरा आहे, नोकरी न सोडता वाईट वाटणारीच माणसं जास्त असतात. करिश्मा मध्ये काही म्हणू पाहत होती, तिला कोणी बोलू दिलं नाही. आठ वाजले, मी दिवाबत्ती करून आले, तरी दोघांचं चालूच. शेवटी मीच म्हटलं, उरलेलं घरी जाऊन भांडा.

दामिनीनं सासऱ्यांचा हात धरला आणि ते जिना उतरू लागले. मी वरून दिवा लावून उभी होते. पहिल्या वळणावर नत्थुजी थांबले.

“बरं, त्यानं नोकरी सोडली असती, समज,” ते म्हणत होते. “तर तो गेला कुठं असता?”

“थांबा,” दामिनी म्हणाली, “विचार करू द्या.”